खानदेशातल्या बीबीए-एमबीएच्या मुलांचे मार्गदर्शक व्हायचं असेल तर

जळगावच्या एमआयडीसीतल्या एका पाइप कारखान्यात मी हिशेबाचं खातं सांभाळतो. गेली काही वर्षं दर सत्राला दोन विद्यार्थी माझ्याकडे येतात. कोणी बीबीएचा असतो, कोणी एमबीएचा. पहिल्या भेटीत जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, "सर, मला धंद्यातलं काही कळत नाही." मग घरची चौकशी करावी तर समजतं की हा मुलगा नववीपासून केळीच्या कटाईला वजनकाट्याजवळ उभा राहतो. व्यापाऱ्याने वजनात किती तूट धरली हे त्याला तोंडपाठ असतं, आणि कटाई दोन दिवस लांबली तर काय होतं हेही त्याला ठाऊक असतं. एवढं सगळं कळणाऱ्या मुलाला आपल्याला काही कळत नाही असं वाटतं, कारण पुस्तकातला धंदा आणि बांधावरचा धंदा एकच आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

मार्गदर्शकाने करायचं मुख्य काम हेच आहे, असं माझं ठाम मत आहे. पुण्या-मुंबईच्या गोष्टी सांगणारे पाहुणे कॉलेजात वर्षातून दोनदा येऊन जातात. मुलाच्या घरच्या व्यवहारावर बोट ठेवून "याला कार्यरत भांडवल (रोजचा धंदा चालवायला हाताशी लागणारा पैसा) म्हणतात" असं सांगणारा माणूस गावातलाच लागतो. तुम्ही बँकेत असाल, डाळ मिल चालवत असाल, सराफी पेढीवर असाल किंवा भुसावळला रेल्वेच्या मालवाहतुकीत नोकरी केली असेल, तर तो माणूस तुम्ही होऊ शकता. त्यासाठी काय काय करावं लागतं ते क्रमाने लिहितो.

आधी स्वतःचा वेळ मोजा

एका सत्रासाठी, दोन विद्यार्थी, पंधरा दिवसांतून एकदा एक तास. सुरुवात याहून मोठी करू नका. सहा-सात भेटी, मधले फोन आणि त्यांनी लिहिलेलं वाचणं धरून सत्राला वीस-पंचवीस तास जातात. पाच मुलं घेणारे उत्साही लोक मी पाहिले आहेत. दिवाळीनंतर त्यांच्या भेटी बंद पडतात आणि मुलांना वाटतं की आपलंच काही चुकलं. ज्या मुलाच्या घरात पदवीपर्यंत शिकलेला तो पहिलाच आहे, त्याच्यासाठी तुम्ही भेट रद्द करणं फार मोठी गोष्ट असते. एक वेळ कमी शिकवा, पण ठरलेली तारीख चुकवू नका.

तुमच्या धंद्याचा हंगामही पाहा. मी मार्चमध्ये एकही भेट ठेवत नाही, कारण वर्षअखेरीचे हिशेब असतात. जिनिंगवाल्याने (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखानदाराने) दिवाळीनंतरचे महिने टाळावेत. हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की कोणाचा गैरसमज होत नाही.

कॉलेजपर्यंत कसं पोचायचं

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतली कॉलेजं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला जोडलेली आहेत. हे विद्यापीठ १९९० साली स्थापन झालं आणि २०१८ मध्ये त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. विद्यापीठाच्या आवारात व्यवस्थापनाचं पदव्युत्तर शिक्षण आहेच, शिवाय तालुक्याच्या ठिकाणीही बी.कॉम., बीबीए चालतं. माझा सल्ला असा की तुमच्या घराजवळचं, तालुक्यातलं कॉलेज निवडा. मोठ्या शहरातल्या मुलांना कोणी ना कोणी भेटतं. शहादा, चोपडा, पारोळा, साक्री इथल्या मुलांकडे कोण जाणार?

थेट प्राचार्यांकडे जाण्याआधी विभागप्रमुखांना किंवा प्लेसमेंट सेलच्या सरांना भेटा. तोंडी बोलणं झालं की एक पानी पत्र द्या, कारण कॉलेजात कागद असल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. मी देतो त्या पत्राचा गाभा असा:

"मी अमुक कंपनीत इतकी वर्षं लेखा विभागात काम करतो. आपल्या एमबीए प्रथम वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना या सत्रात विनामूल्य मार्गदर्शन करण्याची माझी इच्छा आहे. भेटी महाविद्यालयाच्या आवारात, दर पंधरवड्याला शनिवारी सकाळी एक तास होतील. नोकरी किंवा इंटर्नशिपची हमी मी देत नाही. समन्वयासाठी आपण एका प्राध्यापकांचं नाव सुचवावं, ही विनंती."

यातलं शेवटून दुसरं वाक्य गाळू नका. ते नसेल तर मुलांना पहिल्या दिवसापासून तुमच्या चेहऱ्यात नोकरी दिसते. समन्वयक प्राध्यापकही हवेतच. काही अडचण आली तर जबाबदारीने मध्ये पडणारं कोणीतरी कॉलेजच्या बाजूने असावं लागतं.

पत्र जूनच्या शेवटी किंवा जुलैच्या सुरुवातीला द्या. नव्या शैक्षणिक धोरणानंतर अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंग आणि फील्ड प्रोजेक्टला श्रेयांक मिळतात, त्यामुळे बाहेरच्या अनुभवी माणसांची कॉलेजांनाही गरज आहे. मात्र मार्गदर्शन आणि ट्रेनिंग या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. ट्रेनिंगचे गुण तुमच्या हातात असतील तर मुलगा तुमच्याशी मोकळं बोलणार नाही.

विद्यार्थी कसे निवडायचे? पहिल्या दोन क्रमांकांची मुलं बहुतेक कॉलेज स्वतःहून पाठवतं. मी विनंती करतो की एक मूल असं द्या, जे वर्गात कधी हात वर करत नाही.

पहिली भेट

पहिल्या भेटीत सल्ला देऊ नका. करिअरचं ध्येय विचारू नका, कारण उत्तर पाठ केलेलं येतं. मी चार गोष्टी विचारतो. घरी काय चालतं? घरात पैशाचे निर्णय कोण घेतं? तू स्वतः कधी काही विकलं आहेस का? आणि गावाकडची शेवटची एसटी किती वाजता आहे? शेवटचा प्रश्न सगळ्यांत उपयोगी ठरतो. त्याच्या उत्तरावर भेटीची वेळ ठरते, आणि हा मुलगा दिवसातले किती तास प्रवासात घालवतो तेही कळतं.

भाषेचं म्हणाल, तर ज्या भाषेत मूल मोकळं होतं तीच भाषा. अमळनेर-धुळ्याकडचा मुलगा अहिराणीत बोलत असेल तर बोलू द्या. तुम्हाला येत असेल तर तुम्हीही बोला. यावल-रावेरकडची मुलं लेवा बोलीत बोलतात. घरच्या बोलीत धंद्याची गोष्ट सांगता येते हे एकदा अनुभवलं की पुढे तीच गोष्ट प्रमाण मराठीत आणि मग इंग्रजीत मांडणं अवघड जात नाही.

उठण्याआधी एक दोनशे पानी वही हातात द्या. प्रत्येक भेटीच्या शेवटी मूल त्यात तीन ओळी लिहील: आज काय समजलं, काय समजलं नाही, पुढच्या वेळी काय करून आणणार.

घरचा हिशेब: दुसरी आणि तिसरी भेट

आता मुख्य काम. मुलाला सांगा, घरच्या धंद्याचं खर्चपत्रक काढून आण. शेती, किराणा, पिठाची गिरणी, शिवणकाम, वडापावची गाडी, काहीही चालेल. मजुरी करणाऱ्या घरातला मुलगा असेल तर महिन्याची आवक-जावक मांडू दे.

केळीचं उदाहरण घेऊ, कारण आमच्याकडे निम्मी मुलं तेच आणतात. पाच बाय पाच फुटांवर लावलं तर एकरात साधारण १,७४० खोडं बसतात. हिशेबाच्या सोयीसाठी १,५०० घड हाती आले आणि घडाचं वजन सरासरी २० किलो भरलं असं धरू. म्हणजे ३०० क्विंटल माल. रोपं, खतं, ठिबक, मजुरी, वीज असा सगळा खर्च १ लाख ८० हजार धरू. हे आकडे मी समजावण्यापुरते धरले आहेत. मुलाने स्वतःच्या घरचेच आकडे आणले पाहिजेत.

आता विचारा: भाव क्विंटलला १,००० रुपये मिळाला तर? तीन लाख येतात, खर्च जाऊन १ लाख २० हजार उरतात. भाव १,५०० झाला तर? साडेचार लाख येतात आणि २ लाख ७० हजार उरतात. भाव दीडपट झाला, नफा मात्र सव्वादोनपट झाला. असं का झालं? मुलाला थोडा वेळ द्या. खर्च आधीच होऊन गेलेला आहे आणि भावाबरोबर तो वाढत नाही, हे उत्तर त्याच्याच तोंडून येऊ द्या. मग उलट बाजूने विचारा: कोणत्या भावाला हातात शून्य उरेल? १ लाख ८० हजार भागिले ३०० म्हणजे ६०० रुपये. पुस्तकातला ना-नफा-ना-तोटा बिंदू त्याच्या वडिलांच्या शेतात सापडला!

या ठिकाणी एका मुलीने मला विचारलं होतं, "सर, मग यात आईची मजुरी कुठे आहे?" तोच खरा प्रश्न आहे. घरच्या माणसांचे श्रम, स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि वर्षभर अडकलेल्या पैशाचं व्याज खर्चपत्रकात कोणी लिहीत नाही. मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची केळीची लागवड, जून-जुलैत केली तर पैसे हाती यायला जवळपास वर्ष जातं. हे तिन्ही खर्च धरले की ६०० चा आकडा कुठे जातो, ते मुलांना पुढच्या भेटीपर्यंत काढून आणायला सांगा. आणि केळी दोन दिवससुद्धा थांबू शकत नाही, तूर मात्र गोदामात थांबू शकते, मग घासाघीस करताना कोणाचा हात वर राहतो, हेही विचारा. वाटाघाटीचं अख्खं प्रकरण या एका प्रश्नात आहे.

दुकानदाराच्या मुलासाठी उधारी घ्या. समजा, एका व्यापाऱ्याने १० लाखांचा माल विकला, नफा ३ टक्के म्हणजे ३० हजार, आणि पैसे ६० दिवसांनी आले. बँकेच्या कॅश क्रेडिटचा (धंद्यासाठी लागेल तसं काढता येणाऱ्या कर्जाचा) दर १२ टक्के धरला तर दोन महिन्यांचं व्याज सुमारे १९,७०० रुपये होतं. नफ्यातला दोन तृतीयांश भाग व्याजातच गेला. विक्री म्हणजे पैसा नव्हे, हे वर्गात दहा वेळा सांगून उमगत नाही, ते इथे पाच मिनिटांत उमगतं. याच ओघात सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीचा ४५ दिवसांचा नियमही सांगा. २००६ च्या कायद्यानुसार लेखी करार असला तरी त्यांचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, आणि करार नसेल तर १५ दिवसांत.

एक पथ्य मात्र कडक पाळा. घरचे आकडे घरचेच राहिले पाहिजेत. कोणाच्या डोक्यावर किती कर्ज आहे हे वहीतून समजतं. ते दुसऱ्या विद्यार्थ्यासमोर, प्राध्यापकांसमोर किंवा तुमच्या बँकेतल्या मित्रासमोर काढू नका. खर्चपत्रकाची भेट प्रत्येकाबरोबर वेगळी घ्या.

एक दिवस बाहेर

चौथी भेट कॉलेजात घेऊ नका. मुलांना पहाटे बाजार समितीत न्या, हंगामात नंदुरबारच्या मिरची बाजारात न्या, सावद्याकडे केळी भरताना दाखवा किंवा ओळखीच्या डाळ मिलमध्ये दोन तास उभं करा. पाहायला जाण्याआधी एकच काम द्या: मालाचं एक पोतं आत येण्यापासून बाहेर जाईपर्यंत त्याला किती जणांचे हात लागतात आणि प्रत्येकाला काय मिळतं, ते टिपायचं. हमाली, तोलाई, आडत (दलाली), बारदाना (पोती), भाडं, सगळं. परत आल्यावर ते एका कागदावर साखळीसारखं मांडायचं. पुरवठा साखळीवरचं इतकं चांगलं टिपण मी कोणत्याही छापील प्रकल्प अहवालात पाहिलेलं नाही.

अमळनेरच्या बाजूला असाल तर आणखी एक विषय आयता मिळतो. १९४५ मध्ये तिथे वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झालेली कंपनी पुढे विप्रो झाली. मुलांना ही गोष्ट अभिमान म्हणून माहीत असते. तुम्ही तिचा प्रश्न करा: त्या काळी कारखान्यासाठी अमळनेर का निवडलं असेल? कच्चा माल, रेल्वे, भांडवल, मजूर, एकेक मुद्दा घेऊन शोधायला लावा. मग त्याच कसोट्या लावून आज आपल्या तालुक्यात कोणता उद्योग उभा राहू शकेल, यावर दोन पानं लिहायला सांगा.

बायोडेटा, ईमेल, मुलाखत

हे काम पाचव्या भेटीआधी काढू नका. त्याआधी लिहिण्यासारखं काही जमलेलं नसतं.

इथे माझ्या हातून एक चूक झाली होती. एका हुशार मुलाचा बायोडेटा मी रात्री बसून स्वतः लिहिला. छान इंग्रजी, भारदस्त शब्द. पुण्यात मुलाखतीला त्यातल्याच एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे म्हणजे नक्की काय केलंत?" त्याला सांगता आलं नाही. नोकरी गेलीच, पण परत आल्यावर तो माझ्याशी नजर मिळवत नव्हता. ते अजून मला खातं. तेव्हापासून मी कोणाच्या बायोडेटात एक शब्दही लिहीत नाही. मूल लिहितं, मी फक्त प्रश्न विचारतो: हे केव्हा केलं? किती? कोणाबरोबर? उत्तर देता आलं नाही तर ओळ तोच खोडतो.

खर्चपत्रक आणि बाजाराचं टिपण आता उपयोगी पडतं. "हार्डवर्किंग, सिन्सिअर" या शब्दांपेक्षा "घरच्या दोन एकर केळीचं खर्चपत्रक तयार केलं, ना-नफा भाव काढला" ही ओळ मुलाखत घेणाऱ्याला थांबवते. मी स्वतः लोक निवडतो, म्हणून सांगतो.

इंग्रजीची भीती खरी आहे. ती चेष्टेने जात नाही आणि "आत्मविश्वास ठेव" म्हटल्यानेही जात नाही. माझी रीत अशी: "स्वतःबद्दल सांगा" याचं उत्तर आधी मराठीत दीड मिनिटात, फोनवर ध्वनिमुद्रित करून. ते नीट जमलं की त्याच गोष्टी सहा साध्या इंग्रजी वाक्यांत. रोज एकदा, दहा दिवस. ईमेलही खरी लिहायला लावा: भेटीची वेळ मागणारी, आजारी असल्यास कळवणारी, आभार मानणारी. मुलं व्हॉट्सअॅपवर सराईत असतात, पण विषयाच्या चौकटीत काय लिहायचं हे अनेकांना कोणी शिकवलेलंच नसतं.

मुलींबाबत थोडं वेगळं

भेट कायम कॉलेजात, दार उघडं असलेल्या खोलीत किंवा ग्रंथालयात. वेळ अशी, की तिला उजेडात घरी पोचता येईल. बाहेरच्या भेटीला समन्वयक मॅडम किंवा दोन-तीन मैत्रिणी बरोबर असाव्यात, आणि घरी आधी कळवलेलं असावं. यात संकोच वाटून घेऊ नका. या काळजीमुळेच घरचे तिला पुढच्या भेटीला पाठवतात.

शेवटच्या वर्षाला अनेकींच्या घरी स्थळं पाहायला सुरुवात होते. तुम्ही वडिलांना उपदेश करायला जाऊ नका. तिला विचारा, तुला काय हवं आहे आणि घरी कोण तुझ्या बाजूने बोलेल? बहुतेक वेळा मामा किंवा शिकलेली काकू असते. जळगाव-धुळ्यात राहून करता येण्यासारख्या नोकऱ्यांची माहिती तिच्या हातात द्या. बँका, पतसंस्था, सीएंची कार्यालयं, एमआयडीसीतले लेखा विभाग. घरच्यांशी बोलताना तिला हातात काही ठोस असलं की बळ येतं.

कुठे थांबायचं

पैसे उसने देऊ नका, घेऊही नका. फीची अडचण असेल तर शिष्यवृत्ती विभागापर्यंत स्वतः सोबत जा. शेअरच्या टिप्स देऊ नका. विमा किंवा गुंतवणुकीची एजन्सी तुमच्याकडे असेल तर विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना काही विकू नका. स्वतःच्या कंपनीत जागा निघाली तर मुलाला अर्ज करायला सांगा, पण निवडीच्या खोलीत तुम्ही बसू नका. रात्री नऊनंतर फोन नाही, हे दोघांनीही पाळायचं.

त्रास, रॅगिंग किंवा छळाची गोष्ट कानावर आली तर स्वतः न्यायनिवाडा करू नका. मुलीला किंवा मुलाला विश्वासात घेऊन समन्वयक प्राध्यापक आणि कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीपर्यंत, रॅगिंग असेल तर रॅगिंगविरोधी समितीपर्यंत पोचवा. मूल फार खचलेलं, निराश दिसलं तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक द्या, शक्य असेल तर शेजारी बसून लावून द्या, आणि त्याच दिवशी कॉलेजला कळवा.

मूल दोन भेटींना आलंच नाही, तर रागावण्याआधी वर्गमित्राकडे चौकशी करा. कापूस वेचणीला घरी माणूस नसतो, वडील आजारी असतात, कधी पासाचे पैसे नसतात. मी एकदा एवढंच लिहिलं, "पुढच्या शनिवारी मी दहा वाजता ग्रंथालयात आहे. काही केलेलं नसलं तरी ये." मुलगा आला. तीन आठवडे तो ठिबकच्या नळ्या गोळा करत होता, आणि वहीत त्याने नळ्यांचा घसारा (वापराने दरवर्षी घटणारी किंमत) मांडून आणला होता.

शेवटची भेट

परीक्षेच्या किमान तीन आठवडे आधी ठेवा. मुलाला वही पहिल्या पानापासून वाचून दाखवायला सांगा, तुम्ही ऐका. मग त्याने तुम्हाला सांगायचं, की कोणती भेट वाया गेली आणि कशामुळे. हे उत्तर लिहून घ्या, पुढच्या सत्राला तेच कामी येतं. कॉलेजला अर्ध्या पानाचा अहवाल द्या: किती भेटी झाल्या, कोणती कामं झाली. घरचे आकडे त्यात नकोत. शिफारसपत्र मागितलं तर तुम्ही जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा.

वही मुलाकडेच राहते. जाताना मी तिच्या शेवटच्या पानावर माझा फोन नंबर आणि पुढच्या जुलैतल्या पहिल्या शनिवारची तारीख लिहून देतो. त्या दिवशी नवी दोन मुलं येणार असतात, आणि आदल्या वर्षीच्या वहीवाल्याने त्यांना आपलं खर्चपत्रक समजावून सांगायचं असतं.